दाढीचा धडा

परवा नातू आरशापुढे ब्रशाने साबणाचा फेस करीत होता. "कोणी शिकवलं रे?"

"आजोबा, अमेरिकेतल्या एका संकेतस्थळानं!"

ओक्लाहोमातल्या ब्रेट मॅके या कायद्याच्या विद्यार्थ्याने २००८ साली पत्नी केटसह 'द आर्ट ऑफ मॅनलीनेस' सुरू केले. आजोबांसारखी दाढी कशी करावी, टाय कसा बांधावा, असले साधेच धडे! पण पुढच्याच वर्षी त्याचे पुस्तक निघाले, ध्वनिमुद्रित मुलाखतीही सुरू झाल्या. पसारा वाढतच गेला.

मला आधी हसू आले, मग ओशाळलो. हा पसारा आम्हा बापांच्या मौनावरच पोसला असेल का? मुलाला मी कधी वस्तरा धरायला शिकवले नाही. त्याने तरी नातवाला काय शिकवावे?

दुसऱ्या दिवशी नातवाशेजारी उभा राहिलो. म्हटले, "हनुवटीखाली हात हलका ठेव हं, बाळ."