अर्ध्या इंचाचं घर

या पानावर वाडे, गणपती, सराफ्यातली खाऊगल्ली यावर बरंच येतं. मी आज नळाबद्दल लिहितोय. चालवून घ्या.

आमचं घर इंदूरला, रामबागेत. वडिलांनी 1961 साली बांधलं. सरकारी नोकरी, पगार बेताचा, त्यामुळे पाण्याची लाइन घातली अर्ध्या इंचाची, जी. आय. पाइपची. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. नळ दोनच होते, एक मोरीत आणि एक मागच्या अंगणात. पाणी यशवंतसागरचं, तेही मोजकंच. बाकी भिस्त विहिरीवर.

1978 मध्ये नर्मदा आली. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, घाट चढून. इंदूरकर अजूनही "आज नर्मदा आली का?" असंच विचारतात, पाणी आलं का असं नाही. नर्मदा आली आणि आमची हौस वाढली. हौद झाला, गच्चीवर टाकी झाली, वर खोल्या आणि बाथरूम झाली, मग गीझर, वॉशिंग मशीन, आर. ओ. प्रत्येक वेळी जो प्लंबर आला त्याने त्याच अर्ध्या इंचाला एक टी जोडून दिला. एका सेव्हिंग खात्यावर सात जणांनी चेक फाडावेत तसं. मी बँकेत होतो, मला हे पहिल्यांदा कळायला हवं होतं. पण घरदुरुस्तीचे कर्ज-अर्ज इतरांचे तपासायचे, आपल्या घराचं "पाहू".

हे "पाहू" वीसेक वर्षं चाललं. स्वयंपाकघरात कोणी भांडी घासायला बसलं की वरचा नळ करंगळीएवढा व्हायचा. वरच्या बाथरूमकडे टाकीचं पाणी मुळातच कमी उंचीवरून येतं. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो, आम्हाला तिथे जेमतेम चार मीटर. त्यात गंजलेली नळी. सौ. म्हणायची, "अहो, एकदा पाइप बदलून घ्या." मी म्हणायचो, "अगं, चालतंय की." चालत होतं, कारण ती बादल्या वाहत होती.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला मुलगा, सून, नात पुण्याहून आले. नरकचतुर्दशीला पहाटे वरच्या गीझरला पाणीच चढेना, तो चालू होईना. नात कुडकुडत उभी. सौ. ने खालून कोमट पाण्याची बादली उचलली आणि जिन्याच्या सातव्या पायरीवर तिचा पाय घसरला. मी तेव्हा खाली पाटावर बसून तेल लावून घेत होतो. आवाज आला तो आधी बादलीचा. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत ती मला एका शब्दानेही बोलली नाही की मी सांगत होते. बोलली असती तर बरं झालं असतं.

एवढं होऊनही मी आधी स्वस्तातला मार्ग धरला. एका दुकानदाराने प्रेशर पंप गळ्यात मारला, 9,500 रुपयांना. आठ दिवस नळ धो धो वाहिले. नवव्या दिवशी भिंतीतला जुना सांधा फुटला आणि स्वयंपाकघराची भिंत फुगली. साठ वर्षांच्या पाइपला दाब सोसत नाही, हे बी. कॉम.ला शिकवत नाहीत.

मग एक वयस्क प्लंबर मिळाला. त्याने आधी काहीही न फोडता वरच्या नळाखाली पंधरा लिटरची बादली ठेवली आणि घड्याळ लावलं. सात मिनिटं. मग मोरीतला एक तुकडा कापून माझ्या हातात दिला. "बाबूजी, ये पाइप नहीं, सुई है." आत तपकिरी थर इतका की पेन्सिल आरपार जाईना.

त्याच्याकडून शिकलो ते सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. दाब तोच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर पाणी दुप्पट नाही, जवळजवळ सहापट जातं. टाकीपासूनची मुख्य लाइन एक इंचाची, बाथरूमपर्यंत पाऊण, आणि अर्धा फक्त शेवटच्या हातभर तुकड्याला. आणखी एक मेख आहे. जी. आय.चा अर्धा इंच आतून सोळा मिलिमीटर असतो आणि सी. पी. व्ही. सी.चा साडेबाराच्या आसपास. म्हणजे "अर्ध्याला अर्धा" बदलला तर नवीन पाइप कोऱ्या जुन्यापेक्षाही बारीक. मी अगदी तेच करायला निघालो होतो!

एक पेच उरला. जुनी लाइन देवघराच्या भिंतीतून गेलेली. ती फोडायला सौ. चा साफ नकार, सासूबाईंच्या हाताचा गिलावा आहे म्हणून. (आईने खरंच माल कालवला होता, मला आठवतं.) यावेळी मी "पाहू" म्हटलं नाही. जुनी लाइन दोन्हीकडून बंद करून भिंतीतच राहू दिली, नवी मागच्या भिंतीवरून बाहेरून नेली. हा पाइप उन्हाने खराब होतो, म्हणून वर रंग दिला. सांधे चिकटवल्यावर एक दिवस पाणी सोडलं नाही, त्या दिवशी शेजाऱ्यांकडून घागरी आणल्या. अंदाज 62,000चा होता, झाले 84,000.

पाणी सोडलं तेव्हा प्लंबरने परत बादली लावली. सव्वा मिनिट. सौ. जिन्याच्या कठड्याला धरून वर आली, डाव्या हाताने नळ उघडला, बंद केला, परत उघडला. म्हणाली, "बंद करा हो, किती वाया जातंय."

अजूनही रात्री झोपण्याआधी ती वरच्या बाथरूममध्ये एक बादली भरून ठेवते. मी काही म्हणत नाही. भरायला सव्वाच मिनिट लागतं.