विहिरीतला दुसरा सेकंद

विहिरीत खडा टाकून खोली काढायची, हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक. खडा सोडायचा, ‘डुबुक’ होईस्तोवर आकडे मोजायचे. पण आकड्यांचे फूट कसे करायचे, ते मला दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकानं शिकवलं. पुस्तकातला हिशेब मीटरचा, ९.८ वगैरे. मी तो फुटांत बसवून घेतला : जितके सेकंद त्यांचा वर्ग, गुणिले १६. एका सेकंदाला १६ फूट, दोनाला ६४, तीनाला १४४.

खरं सांगायचं तर पाइप आणायला हा हिशेब कुचकामी. दोन सेकंद मोजताना पाव सेकंद इकडचा तिकडं झाला, की ४९ फूट येतात नाहीतर ८१. वीस फुटी पाइपाच्या दीड नगाचा फरक! त्यापेक्षा सुंभाला दगड बांधून सोडावा नि हातानं मोजावं.

उपयोगी पडला तो दुसऱ्याच कामात. मळ्यातली विहीर साठ फुटांवर गेली होती. खाली चार गडी, वर यारी. काठावरच फोडलेल्या दगडांचा ढीग, पहारी, पाण्याची कळशी, आणि तिथंच मुकादम तंबाखू मळत बसायचा. मोठ्या धोंड्याला सगळे जपायचे. बारीक खड्याचं कुणाला काही वाटत नसे. “बारका हाय, हळू जातो,” असं त्यांचं म्हणणं. एक दिवस सुपारीएवढा खडा कुणाच्या तरी पायानं निसटला नि खालच्या गड्याच्या खांद्यावर बसला. वरून हाळी दिली होती, त्यानं वर बघितलंही होतं. पंधरा दिवस त्याचा हात वर होईना.

संध्याकाळी मी काडीनं मातीत आकडे काढून दाखवले. पहिल्या अर्ध्या सेकंदात खडा चारच फूट जातो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, अजून वेळ आहे. सेकंद भरला की सोळा फूट. उरलेले चव्वेचाळीस फूट पुढचा सेकंद पुरा व्हायच्या आतच. तळाशी पोचताना वेग ताशी ६५ किलोमीटरच्या वर, म्हणजे सडकेवरच्या मोटारसायकलीचा. आणि एवढ्या खोलीला पहार काय नि सुपारीएवढा खडा काय, जवळजवळ बरोबरच पोचतात. हाळी देणाऱ्याचा अर्धा सेकंद तर दचकण्यातच जातो.

मुकादम म्हणाला, “मालक, हे शाळंतलं झालं.” त्या गड्याची बायको मात्र आकड्यांकडं बघत उभी होती.

“मग हाळी देऊन उपेग काय, दादा?”

“काही नाही, बाई. काठावर काही असूच नये.”

दुसऱ्या दिवशी गडी उतरायच्या आधी ती खराटा घेऊन आली. काठापासून चार हात जागा तिनं लख्ख झाडली, दगडांचा ढीग मागं ओढायला लावला आणि मुकादमाची बैठक बाभळीखाली हलवली. पाणी लागेस्तोवर रोज सकाळी ती आधी काठ झाडायची, मगच गडी खाली उतरायचे.