चार कोपऱ्यांतली घड्याळे

'रिमिक्स' हा शब्द आपल्याकडे पुरता बदनाम झालेला आहे. एखादे जुने सोज्वळ गाणे उचलायचे, त्याच्या पाठीवर यंत्रातला ठेका लादायचा आणि त्याला लग्नाच्या वरातीत सोडून द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक. त्यामुळे पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या ध्वनिमुद्रिकेची निरनिराळी रिमिक्स मी दिवाळीच्या सुट्टीत ऐकत बसलो होतो असे सांगताच मित्रांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. एकाने तर "मूळ सोडून भेसळ कशाला ऐकतोस?" असे विचारलेसुद्धा. या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला. कारण मूळ कोणते, हेच मला त्या सुट्टीत धड सांगता येईनासे झाले होते.

ही ध्वनिमुद्रिका मार्च १९७३ मध्ये निघाली. लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत १९७२ आणि १९७३ मध्ये तिचे ध्वनिमुद्रण झाले. गिटार, ढोल, ऑर्गन, गळा, सारे १६ ट्रॅकच्या टेपवर वेगवेगळे मुद्रित केलेले. या सोळा धारांतून आपल्या दोन कानांसाठी दोन धारा काढणे म्हणजे मिश्रण, अर्थात मिक्स. कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, कोणाचा आवाज केव्हा विरायचा, हे सगळे त्या वेळी ठरते. आपण ज्याला 'मूळ' म्हणतो ते हे दोन धारांचे मिश्रण. टेपवर गाणे असते असे आपण समजतो. खरे तर टेपवर केवळ सामान असते.

रिमास्टर आणि रिमिक्स यांतला फरक मला मामांनी समजावून दिला. मामा ३० वर्षे छापखान्यात होते. ते म्हणाले, "रिमास्टर म्हणजे पुनर्मुद्रण. जुळवलेला मजकूर तोच, शाई ताजी, कागद बरा. रिमिक्स म्हणजे हस्तलिखित पुन्हा काढून पहिल्यापासून खिळे जुळवणं." याहून सोपी व्याख्या मला कोणत्याही जाड पुस्तकात सापडली नसती. मराठीचा विद्यार्थी म्हणून मी त्यात भर घातली, की एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांनी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. म्हणजे नाथ रिमास्टरवाले. मामा हसले, पण त्यांना ते फारसे पटलेले दिसले नाही. अनेक प्रती समोर ठेवून पाठ ठरवणारा माणूस नुसता शाई बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे.

पुनर्मुद्रणही निरुपद्रवी असतेच असे नाही. २००३ साली या ध्वनिमुद्रिकेच्या तिसाव्या वर्षानिमित्त सुपर ऑडिओ सीडी निघाली. तिच्या एकाच तबकडीत दोन थर आहेत, एक नव्या यंत्रासाठी आणि एक साध्या सीडी-यंत्रासाठी. त्यांपैकी साध्या थरावरचा आवाज दाबून मोठा केलेला आहे. दाबणे म्हणजे हळू आणि मोठा यांतले अंतर कमी करणे. या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ हृदयाच्या ठोक्यांनी होतो आणि ते ठोके शांततेतून हळूहळू वर येतात. ते अंतर आखडले, की ठोका ऐकू लवकर येतो आणि जाणवतो कमी. शिवाय या मुद्रिकेच्या काही आवृत्त्यांत अगदी शेवटी, ठोके विरत असताना, बीटल्सच्या एका गाण्याची वाद्यवृंदावरची धून पुसटशी ऐकू येते असे कान देऊन ऐकणाऱ्यांनी नोंदवले आहे. जुन्या तबकडीच्या खरखरीत ती बुडून गेली असती. ती पुसावी की ठेवावी? मामा म्हणाले, मुद्रितशोधकाने लेखकाची चूकही विचारल्याशिवाय दुरुस्त करू नये.

आता चौफेर ध्वनीकडे येतो. स्टिरिओ म्हणजे नाटक: रंगमंच समोर, आपण खुर्चीत. चौफेर ध्वनी म्हणजे भजन: टाळकरी सगळीकडे आणि आपण मध्ये. पिंक फ्लॉइड मंडळींना या दुसऱ्या प्रकाराचा नाद फार आधीपासून होता. मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमधल्या कार्यक्रमात त्यांनी 'ॲझिमथ को-ऑर्डिनेटर' नावाची एक पेटी वापरली. ऑर्गन वाजवणारा रिचर्ड राइट तिच्यावरची दांडी हलवून आवाज प्रेक्षागृहात फिरवी. पुढे पुष्कळ कार्यक्रमांत त्यांनी श्रोत्यांच्या मागेही कर्णे लावले. म्हणजे ज्यांनी हे संगीत रचले त्यांच्या डोक्यात ते मुळात भोवताली वाजत होते. घरातल्या फोनोला दोनच कर्णे, म्हणून ते दोनांत बसवले गेले.

याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे 'टाइम' या गाण्याच्या आरंभीची घड्याळे. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स जुन्या घड्याळांच्या दुकानात गेला आणि एकेक घड्याळ त्याने वेगवेगळे मुद्रित केले. ते या ध्वनिमुद्रिकेसाठी नव्हतेच. चार कर्ण्यांच्या 'क्वाड्रोफोनिक' पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी होते. नंतर ती घड्याळे या गाण्यात आली. अर्थात ज्या स्टिरिओला माझा मित्र 'मूळ' म्हणतो, त्यात ही घड्याळे चार कोपरे सोडून समोरच्या भिंतीवर येऊन बसली आहेत. भेसळ कोणती आणि मूळ कोणते?

पार्सन्सने १९७३ साली याच ध्वनिमुद्रिकेचे चार कर्ण्यांचे मिश्रण केले. तो तेव्हा २४ वर्षांचा होता आणि स्टुडिओतला पगारी नोकर होता. 'मनी' गाण्याच्या सुरुवातीला नाणी, गल्ल्याची घंटा, फाटणारा कागद असे आवाज ठेक्यात फिरतात. टेपचे तुकडे पट्टीने मोजून, कापून, चिकटवून ती माळ तयार केली होती. चार कर्ण्यांसाठी ती अशी बांधली, की एकेक आवाज एकेका कोपऱ्यातून निघावा आणि पैसा खोलीभर चालत जावा. दुर्दैव असे, की फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनच्या तारांगणात पत्रकारांसाठी ही ध्वनिमुद्रिका वाजवली गेली, तेव्हा हे मिश्रण तयार नव्हते. साधी स्टिरिओ प्रत साधारण कर्ण्यांवरून ऐकवली गेली आणि राइट सोडून बाकीचे तिघे तिकडे फिरकलेच नाहीत. नंतर चार धारांची तबकडी निघाली, पण त्या चार धारा दोनांत गुंडाळून पुन्हा उलगडाव्या लागत आणि उलगडताना एकमेकींत मिसळत. त्यातच निरनिराळ्या कंपन्यांच्या न जुळणाऱ्या पद्धती. दशक सरता सरता क्वाड्रोफोनिकचा बाजार उठला.

२००३ साली ५.१ पद्धतीचे, म्हणजे पाच कर्णे आणि खर्जाचा एक, असे मिश्रण करायचे ठरले, तेव्हा पार्सन्सचे मिश्रण न वापरता काम जेम्स गथ्री याच्याकडे गेले. त्याने ते फार आदबीने केले. पार्सन्सने त्याची एकंदरीत तारीफच केली, पण ते मूळ स्टिरिओशी जरा जास्तच प्रामाणिक राहिले असे त्याला वाटले. हा अभिप्राय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मौजेचा भाग वाटतो. मूळ ज्याने हातांनी टिपले, तोच म्हणतो, मुळाला इतके चिकटू नका!

२०११ च्या पेटीत ही दोन्ही मिश्रणे एकत्र मिळाली. मामांनी ती पेटी जुन्या वस्तूंच्या बाजारात घासाघीस करून मिळवली होती. मामांच्या घरी, ठाण्याला, दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत कर्णे आहेत आणि मध्ये एक वेताची खुर्ची. चौफेर ध्वनीची ही एक गोम आहे. तो खोलीत एकाच माणसाला नीट ऐकू येतो. आजी नेमकी त्याच खुर्चीत बसून मेथी निवडते.

मी तीन दिवस आलटून पालटून ऐकले. 'ऑन द रन'मध्ये धावणारी पावले पार्सन्सकडे बेधडक फिरतात. चोवीस वर्षांच्या माणसाला नवे खेळणे मिळाले आहे हे ऐकू येते. 'मनी'तही तोच जिंकतो. पण गंमत ओसरली की त्याच्या मिश्रणात वाद्यवृंद चार जागी बसलेला वाटतो, एकमेकांकडे पाठ करून. गथ्रीकडे 'अस अँड देम' ऐकावे. गायलेला शब्द समोर उमटतो, त्याचे पडसाद मागे जातात, आणि तरीही ऑर्गन आणि सॅक्सोफोन एकाच हवेत श्वास घेत आहेत असे वाटते. त्याने खोली मोठी केली, माणसे हलवली नाहीत. इथे मला पार्सन्सचे म्हणणे मान्य नाही.

आणि 'द ग्रेट गिग इन द स्काय'. त्यात शब्द नाहीत, क्लेअर टॉरी नावाच्या गायिकेचा नुसता आकांत आहे. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी ती आली, गायली आणि ३० पौंड घेऊन घरी गेली. २००४ मध्ये तिने दावा लावला, २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि तेव्हापासून राइटच्या जोडीला रचनाकार म्हणून तिचे नाव लागते. हा आवाज खोलीभर फिरवायचा नसतो. तो समोर उभा राहिला पाहिजे. या एका गाण्यासाठी मला जुने स्टिरिओ पुरते. प्रत्येक मिश्रण कोणाला पुढे आणायचे हे ठरवत असते, आणि तिला तर नाव मिळायला ३२ वर्षे लागली.

२०२३ साली, पन्नासाव्या वर्षी, गथ्रीनेच केलेले डॉल्बी ॲटमॉस मिश्रण आले. त्यात डोक्यावरही कर्णे लागतात. मामांच्या छताला पंखा आहे. कानातल्या यंत्रावर मात्र ते दोन धारांत उतरवून ऐकता येते, म्हणून मी माझे यंत्र मामांच्या कानांत घातले. दिशेचा भास होण्यासाठी दोन्ही कानांना पोचणाऱ्या आवाजात सूक्ष्म फरक ठेवलेला असतो. छापखान्याच्या यंत्रखात्यात मामांचा उजवा कान केव्हाच गेला आहे. घड्याळे वाजून गेली तरी ते वाट पाहत राहिले, मग यंत्र काढून म्हणाले, "सगळी गर्दी एकाच बाजूला झालीय रे."

पार्सन्सचे मिश्रण लावले, की ते वेताच्या खुर्चीत बसतच नाहीत. मागच्या डाव्या कर्ण्याजवळ स्टूल ओढून डावा कान खोलीकडे करतात. तिथे गिटार दूर, गायक दूर आणि पडसाद अगदी जवळ. त्यांना जे ऐकू येते ते मिश्रण पार्सन्सने केलेले नाही, गथ्रीनेही नाही. घड्याळे सुरू झाली की ते बोट वर करून एकेक मोजतात, आणि आजी मेथी निवडत विचारते, किती वाजले?