पाद्री होण्याआधीचा बुक

अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने ‘फायरफ्लाय’ ही विज्ञानकथा मालिका २० सप्टेंबर २००२ रोजी सुरू केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात गुंडाळली. तयार झालेल्या १४ भागांपैकी ११च दाखवले गेले, तेही क्रम मोडून. पात्रांची ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग सगळ्यांत शेवटी आला. एवढ्या तुटपुंज्या ऐवजावर मालिकेचे चाहते दोन दशकांहून अधिक काळ एका प्रश्नाचा खल करत आले आहेत. सेरेनिटी नावाच्या मालवाहू अंतराळयानात प्रवासी म्हणून चढलेला वयस्क पाद्री डेरियल बुक मठात येण्याआधी कोण होता? जी माणसं कधी जन्मालाच आली नाहीत, त्यांच्या पूर्वायुष्याची चौकशी करणं अनेकांना रिकामटेकडेपणाचं वाटतं. मला ते मन लावून केलेलं वाचन वाटतं, आणि या वाचनाला पुराव्याची शिस्त आहे असंही वाटतं.

पुरावा काय आहे ते आधी पाहू. ‘सेफ’ या भागात चकमकीत बुकला गोळी लागते. यानावरचा डॉक्टर त्याच वेळी पळवला गेलेला असतो, म्हणून कप्तान मॅल नाइलाजाने अलायन्सच्या, म्हणजे ज्या राजवटीविरुद्ध तो स्वतः लढून हरला तिच्याच, युद्धनौकेकडे मदत मागतो. तिथला अधिकारी त्यांना धुडकावून लावतो. मग जखमी बुकचं ओळखपत्र पुढे केलं जातं आणि सगळा नूरच पालटतो: बुकला तातडीने उपचारासाठी आत नेतात, काम झाल्यावर कुणालाही न अडवता सोडूनही देतात. नंतर मॅल खोदून विचारतो तेव्हा बुक एवढंच सांगतो, की देवाच्या माणसाबद्दल लोकांना आपुलकी असते. मॅलला ते पटत नाही, आणि प्रेक्षकालाही पटू नये अशीच दृश्याची बांधणी आहे. याच्या जोडीला इतर खुणा ठेवून पाहाव्यात. पहिल्याच भागात हा शांत माणूस सरकारी हस्तकाच्या हातातलं पिस्तूल डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हिसकावून घेतो. ‘वॉर स्टोरीज’मध्ये तो बंदूक चालवतो, पण नेम धरतो गुडघ्यावर. ‘द मेसेज’मध्ये एक पोलीस अधिकारी आपल्या हद्दीबाहेर येऊन चोरून कारभार करतो आहे, हे तो त्याच्या वागण्यावरून ताडतो. यंत्रणा कशी चालते हे आतून पाहिलेल्या माणसालाच असा अंदाज येतो. हा भाग तर अमेरिकेतल्या पहिल्या प्रक्षेपणात दाखवलाच गेला नव्हता. २००३च्या डिसेंबरात डीव्हीडी संच आला तेव्हा सगळे भाग प्रथमच सलग आणि योग्य क्रमाने हाती आले. एक भाग दुसऱ्यासमोर ठेवून तपासता येऊ लागला. एरवी नुसत्या कुतूहलावर थांबली असती ती चर्चा पडताळणीपर्यंत गेली ती यामुळे.

यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप जुना आहे. लेडी मॅकबेथला मुलं किती होती, हा प्रश्न शीर्षकात घेऊन एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली एक निबंध लिहिला आणि नाटकातल्या पात्रांना हाडामांसाची माणसं मानून त्यांचं नाटकाबाहेरचं आयुष्य धुंडाळणाऱ्या समीक्षेवर हल्ला चढवला. पात्र म्हणजे शब्दांची रचना. रचनेबाहेर त्याला आयुष्य नाही. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच बुकचा प्रश्न वेगळा ठरतो. त्याचा भूतकाळ रचनेबाहेर नाहीच. दडवलेलं काहीतरी आहे, हे ओळखपत्राचं दृश्य उघड सांगतं. गुडघ्यावरचा नेम त्या दडवलेल्याशिवाय अर्धवट राहतो. बुकला लहानपणी कुठलं फळ आवडत असे, असं कुणी विचारलं तर नाइट्स यांचा आक्षेप तिथे लागू पडेल. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये धर्मराज हा विदुराचा मुलगा असावा का, हा प्रश्न महाभारतातल्याच प्रसंगांवरून आणि नात्यांच्या रीतीवरून तपासला. त्यांचा निष्कर्ष मानो वा न मानो, ती मांडणी वाचल्यावर विदुर आणि धर्म एकमेकांसमोर येतात तो प्रत्येक प्रसंग वेगळा दिसू लागतो. चांगल्या अटकळीची परीक्षा मी याच कसोटीवर करेन: ती आपल्याला मूळ कृतीकडे परत पाठवते का?

दुसरा आक्षेप असा, की आता उत्तर मिळालं आहे, मग वाद कशाला? २०१०मध्ये ‘द शेफर्ड्स टेल’ हे चित्रकथेचं पुस्तक आलं. मालिकेचे कर्ते जॉस व्हेडन आणि त्यांचे भाऊ झॅक यांची कथा, झॅक यांचं लेखन, ख्रिस सॅम्नी यांची चित्रं. मृत्यूपासून बालपणाकडे उलट्या क्रमाने जाणाऱ्या या पुस्तकात कळतं, की बुकचं मूळ नाव हेन्री इव्हान्स. मारकुट्या बापाच्या घरातून तो पळाला, बंडखोरांना मिळाला, खऱ्या डेरियल बुकला मारून त्याचं नाव घेतलं आणि अलायन्सच्या सैन्यात हेर म्हणून शिरला. तिथे अधिकारी झाला आणि एका मोहिमेत हजारो सैनिकांचा घात घडवून बदनाम होऊन बाहेर पडला. कथा कसबी आहे, उलट्या क्रमाची कल्पनाही मला आवडते. पण चर्चा थांबली नाही, आणि ती थांबू नये यालाही कारण आहे. ज्याला अपमानित करून हाकललं, त्याच्या कार्डापुढे ती युद्धनौका इतकी का नमली? पराभव झाकून ठेवला असेल तर नोंद स्वच्छ राहिली असेल, हे उत्तर देता येतं. मात्र ते वाचकाला स्वतः रचावं लागतं, म्हणजे पुन्हा अटकळच आली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पुस्तकाने काय घडलं ते सांगितलं. चाहत्यांचा प्रश्न मात्र पहिल्या भागाच्या अखेरीला बुक स्वतःच ज्या अस्वस्थतेने यानावरच्या सहप्रवासी इनाराजवळ बोलतो, तिच्याविषयी होता. मठाबाहेर पडून त्याला अवघे दोन दिवस झालेले असतात, तेवढ्यात त्याने एका सरकारी माणसाला बडवलेलं असतं. मठात मिळवलेलं बाहेरच्या जगात टिकेल का, या भीतीने तो हादरलेला असतो. त्याने किती माणसं मारली हा आकडा हाती आल्याने या भीतीचं वजन आपोआप कळत नाही. बुकची भूमिका करणाऱ्या रॉन ग्लास यांच्या चेहऱ्यावर ते आधीच दिसलेलं असतं.

राहिला तिसरा आक्षेप: मालिका अकाली बंद पडली, या अपघाताला चाहते कला समजताहेत. यात तथ्य आहे, पण सगळ्या गुपितांना ते सारखं लागू होत नाही. यान रीव्हर्स या क्रूर, नरभक्षक टोळीच्या जवळून जात असताना इनारा एक सिरिंज बाहेर काढते, आणि ती कशासाठी हे मालिका सांगत नाही. तो धागा पुढे उलगडायचा होता आणि वेळेअभावी राहून गेला, असं मानायला जागा आहे; तिथे आपण अर्धी विणलेली वस्तू पाहतो आहोत. बुकचं तसं नाही. २००५च्या ‘सेरेनिटी’ चित्रपटात लेखकाला पूर्ण संधी होती. मॅल त्याला पूर्वायुष्याबद्दल छेडतो, बुक सांगायला साफ नकार देतो, आणि पुढे भूतकाळ न उलगडताच मरतो. मरण्यापूर्वी आपल्या वस्तीवर हल्ला करणारं यान तो बंदुकीने पाडतो आणि हे धर्माला धरून झालं नाही, अशी कबुलीही देतो. इथे मौन लेखकाने हाती सवड असताना निवडलेलं आहे. म्हणून इनाराबद्दलची अटकळ आणि बुकबद्दलची अटकळ एकाच मापाने मोजू नये. पहिलीत आपण लेखकाचा राहून गेलेला बेत शोधतो, आणि बेत जाणणाऱ्या कुणी तो सांगितला तर शोध संपतो. दुसरीत नकार कथेतच आहे. त्याची कारणं बुकच्या वागण्यात शोधावी लागतात, आणि तिथे प्रत्यक्ष जॉस व्हेडन यांचा शब्दही एका जाणत्या वाचकाच्या शब्दाइतकाच धरावा, असं माझं मत आहे.