ज्यांनी दार उघडलं त्यांची नावं

दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानात सात माणसं असत. वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन गनर; एक विमानाच्या पाठीवर, एक शेपटीत. इंग्लंडमधल्या धावपट्टीवरून विमान उडतं तेव्हा या सातांचा इतिहास एकच असतो. स्क्वॉड्रनच्या नोंदवहीत सातही नावं एकाखाली एक, पुढे उड्डाणाची वेळ, आणि विमान परतलं नाही तर शेवटी ‘बेपत्ता’. फ्रान्सवर विमान पेटलं की दोन-तीन मिनिटांत त्या एका इतिहासाचे सात होतात, आणि त्यांना आसरा देणारी घरं शोधायचं माझं काम तिथून सुरू होतं.

कोण वाचेल, हे पुष्कळदा विमानाच्या रचनेवर ठरे. लँकेस्टरमधून बाहेर पडण्याची मुख्य वाट नाकाच्या तळाशी, बॉम्ब टाकणाऱ्याच्या पोटाखाली होती. ती झडप जेमतेम २२ इंच रुंद. अंगावर जाड कपडे आणि छातीवर पॅराशूट, अशा अवस्थेत, अंधारात, गिरक्या घेत कोसळणाऱ्या विमानातून तिच्यापर्यंत पोहोचायचं. मागच्यांना आधी विमानाच्या पोटात आडवा आलेला पंखांचा जाड कणा ओलांडावा लागे. शेपटीतल्या गनरला त्याच्या चिंचोळ्या जागेत पॅराशूट जवळ ठेवायलाही वाव नव्हता. ते मागे धडात टांगलेलं असे. ८३व्या स्क्वॉड्रनमध्ये शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे नॅव्हिगेटर होते, त्यांना डीएफसी पदक मिळालं. ते ज्यांतून उडाले ती विमानं याच घडणीची. पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ झालेले फ्रीमन डायसन तेव्हा ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात होते. पाडलेल्या विमानांतून किती माणसं जिवंत सुटतात याचा हिशोब त्यांच्यासमोर होता: अमेरिकन बॉम्बरमधून जवळपास निम्मी, हॅलिफॅक्समधून चौथा हिस्सा, लँकेस्टरमधून शंभरातली १५. झडप रुंद करावी म्हणून त्या विभागातून पाठपुरावा झाला, पण ती वेळेत रुंद झाली नाही. बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० उडणाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले. त्यातले किती त्या दोन-चार इंचांमुळे गेले, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

शँपेन प्रांतातल्या माई-ल-काँ या जर्मन रणगाडा छावणीवर ३ मे १९४४च्या रात्री ३४६ लँकेस्टर गेली. लक्ष्य दाखवणाऱ्या खुणा नीट टाकल्या गेल्या होत्या. पण ‘आता या’ हा हुकूम मागच्या विमानांपर्यंत नीट पोहोचला नाही, कारण त्याच लहरींवर अमेरिकन सैनिकांसाठीचं प्रसारण चालू होतं. विमानं चांदण्यात घिरट्या घालत थांबली आणि रात्रीची जर्मन लढाऊ विमानं त्यांच्यात घुसली. ४२ लँकेस्टर गेली. सकाळी आसपासच्या शेतांत अवशेष विखुरलेले होते. त्या भागातल्या गावांच्या स्मशानात आज पांढऱ्या दगडांच्या लहान ओळी दिसतात. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दिसतात तेच दगड, तीच अक्षरं, कारण दोन्हींची देखभाल एकाच आयोगाकडे आहे.

जो जिवंत जमिनीवर आला, त्याच्या खिशात एक छोटी पेटी असे: हॉर्लिक्सच्या गोळ्या, चॉकलेट, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, झोप उडवणारं बेंझेड्रीन. शिवाय फ्रँकच्या नोटा, घडी घातली तरी न वाजणारे रेशमी नकाशे, गुंडीत लपवलेलं होकायंत्र आणि साध्या कपड्यांतला स्वतःचा फोटो, खोट्या ओळखपत्रासाठी. हे सगळं पुरवलं एमआय ९ या ब्रिटिश खात्याने. सूचना अशा: पॅराशूट पुरा, पडलात तिथून लांब जा, एकाकी शेतघर हेरा, घरात कोण ये-जा करतं ते पाहा, मग दार वाजवा. खात्याची तयारी त्या दारापर्यंत पोहोचवणारी होती. दाराच्या आतलं सगळं त्या घरावर सोडलेलं होतं.

जे स्पेनमार्गे, समुद्रमार्गे किंवा १९४४च्या मुक्तीनंतर इंग्लंडला परतले, त्यांची लंडनमध्ये जबानी घेतली गेली. हे अहवाल लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, अमेरिकन वैमानिकांचे त्यांच्या देशात. प्रत्येकाचा साचा सारखा. कुठून उडालो, कुठे पडलो, पुढे काय झालं. ‘एका शेतकऱ्याने कपडे दिले.’ ‘एका बाईकडे तीन आठवडे राहिलो.’ नवा अभ्यासक इथे वैतागतो. पण हा त्रोटकपणा मुद्दाम राखलेला होता. बहुतेकांना यजमानांची खरी नावं सांगितलेलीच नसत, आणि जी ठाऊक होती ती वेगळ्या पुरवणीत, मोजक्यांच्या नजरेपुरती. अशा परतलेल्या माणसाला सहसा पुन्हा त्याच मुलखावर उडवत नसत. तो दुसऱ्यांदा पडला आणि बोलला, तर किती घरं बुडतील हे ठाऊक होतं.

धोक्याची वाटणी किती विषम होती, ते २२ सप्टेंबर १९४१च्या जर्मन जाहीरनाम्यात उघड लिहिलेलं आहे. शत्रूच्या वैमानिकाला मदत करणारा पुरुष गोळीला, बाई छळछावणीला, आणि पकडून देणाऱ्याला दहा हजार फ्रँकपर्यंत बक्षीस. पकडलेला वैमानिक मात्र साधारणपणे युद्धकैदी होई. त्याला रेड क्रॉसची पार्सलं मिळत, त्याची पत्रं घरी जात.

ही विषमता मला सगळ्यात ठळक दिसते ती फ्रान्स-स्पेन सरहद्दीजवळच्या उरून्य गावात. बेल्जियमची आंद्रे द योंग ही २४ वर्षांची मुलगी ऑगस्ट १९४१मध्ये एका ब्रिटिश सैनिकाला आणि आपल्या दोन देशबांधवांना पिरेनीज ओलांडून स्पेनमधल्या बिल्बाओच्या ब्रिटिश वाणिज्य दूतावासात घेऊन आली. आधी तिच्यावर विश्वास बसला नाही. तिने उभारलेली सुटकेची ‘कॉमेट’ वाट ब्रसेल्स, पॅरिस, बायोन अशी येऊन फ्लोरेन्तिनो गोइकोएत्ख्या या बास्क वाटाड्याच्या मागोमाग रात्री बिदासोआ नदी ओलांडत असे. शंभराहून अधिक माणसं तिने स्वतः पार नेली. डोंगर चढण्याआधीचा शेवटचा मुक्काम उरून्यमधल्या एका शेतघरात. जानेवारी १९४३मध्ये त्याच घरात आंद्रे पकडली गेली. बरोबर तीन वैमानिक होते आणि घरमालकीण फ्रांत्शिया उसांदिझागा होती. फ्रांत्शिया विधवा, लेकुरवाळी बाई. वैमानिक युद्धकैदी झाले. आंद्रे राफेन्सब्रुक आणि माउटहाउझेन या छळछावण्यांमधून जिवंत परतली, नंतर आफ्रिकेत कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिली. तिच्या वडिलांना मार्च १९४४मध्ये पॅरिसजवळच्या माँ-व्हालेरियँ किल्ल्यात गोळ्या घातल्या. फ्रांत्शिया एप्रिल १९४५मध्ये राफेन्सब्रुकमध्ये मेली, युरोपातलं युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. आंद्रेवर पुस्तकं आहेत. फ्रांत्शियाबद्दल वाचायचं तर इतरांच्या कहाण्यांच्या कडेला शोधावं लागतं, आणि माझ्या मते या विषयाचं केंद्र तीच आहे.

वैमानिक नेहमी सुरक्षित असे, असं मात्र नाही. साध्या कपड्यांत, मदतनिसांच्या सोबतीत सापडला तर गेस्टापो त्याला हेर ठरवी. जाक देसुब्री या फितुराने पॅरिसमध्ये अशी कितीतरी माणसं पकडून दिली. ऑगस्ट १९४४मध्ये, पॅरिस मुक्त व्हायला दहा दिवस उरलेले असताना, १६८ दोस्त वैमानिक मालगाडीच्या डब्यांत कोंबून बुखेनवाल्डच्या छळछावणीत पाठवले गेले. दोघे तिथेच मेले. बाकीच्यांपैकी बहुतेकांना ऑक्टोबरमध्ये जर्मन हवाई दलाने आपल्या ताब्यात घेऊन युद्धकैद्यांच्या छावणीत हलवलं. देसुब्रीला फ्रान्सने १९४९मध्ये मृत्युदंड दिला.

आणखी एक गोष्ट आमच्या विषयात हळू आवाजात बोलली जाते. ती मोठ्याने बोलायला हवी. दोस्तांच्या बॉम्बफेकीत फ्रान्सचे ५० हजारांहून अधिक नागरिक मेले. एप्रिल १९४४मध्ये लीलच्या रेल्वे यार्डावरच्या एका हल्ल्यात चारशेहून जास्त. त्याच मुलखात, त्याच महिन्यांत, लोक पडलेल्या वैमानिकांना माळ्यावर लपवत होते. लंडनच्या अहवालांत हे जवळजवळ येत नाही. ते सापडतं फ्रेंच पोलिसांच्या आणि प्रांताधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात: कुठे विमान पडलं, किती मृतदेह, अंत्ययात्रेला किती गर्दी, बंदी असूनही कुणी फुलं ठेवली. लंडनचा अहवाल, स्क्वॉड्रनची नोंदवही आणि हे फ्रेंच कागद शेजारी ठेवले की अहवालातल्या ‘एका बाई’ला गाव मिळतं, कधी घर मिळतं. वैमानिकांनी गावांची नावं कानाला आली तशी सांगितलेली, त्यामुळे नकाशाशिवाय एक पाऊल पुढे जात नाही. व्हँसेनच्या लष्करी अभिलेखागारात प्रतिकारकांच्या सहा लाखांच्या आसपास फायली आहेत. तरी माळ्यावर अंथरूण घालणारी, स्वतःच्या रेशनच्या पावात वाटेकरी घेणारी बाई पुष्कळदा त्यांतही नसते. तिने युद्धानंतर अर्ज केलाच नाही, किंवा नवऱ्याच्या नावावर नोंद झाली.

या कामात आपला एक धागा आहे आणि तो मराठी घरांतूनच पुढे जाऊ शकतो. जून १९४२मध्ये टोब्रुक पडलं तेव्हा २/५ मराठा लाइट इन्फंट्री शत्रूच्या हाती सापडली. उत्तर आफ्रिकेत पकडलेले हजारो भारतीय सैनिक पुढे युरोपातल्या छावण्यांत गेले. त्यांतली एक छावणी पूर्व फ्रान्समधल्या एपिनालला होती. ११ मे १९४४ रोजी अमेरिकन बॉम्बरनी एपिनालवर बॉम्ब टाकले, ते छावणीवरही पडले. काही कैदी मेले, बाकीचे फुटलेल्या भिंतींतून बाहेर पडले. पाचशेच्या आसपास जण पायी स्वित्झर्लंडला पोहोचले. भाषा येत नसताना, चेहरा लपवता येत नसताना त्यांना वाटेतल्या गावांनी खाऊ घातलं, सरहद्दीपर्यंत नेलं. एतोबों हे त्यातलं एक गाव. सप्टेंबर १९४४मध्ये, प्रतिकारकांना साथ दिल्याच्या सूडापोटी, जर्मन सैन्याने त्या गावचे ३९ पुरुष गोळ्या घालून मारले.

वैमानिकांच्या जबान्या मी वाचू शकतो. या सैनिकांच्या वाटेवरची घरं जोडायला त्या मानाने फार थोडं हाताशी आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडे ज्यांच्या घरी ‘आजोबा जर्मनांच्या कैदेत होते’ असं सांगितलं जातं, त्यांनी ट्रंकेतली पलटणीची कागदपत्रं आणि रेड क्रॉसची कार्डं एकदा पाहावीत. एपिनाल किंवा स्वित्झर्लंडचं नाव कुठे दिसलं, एखाद्या फ्रेंच कुटुंबाचा फोटो निघाला, तर त्याच्या मागच्या बाजूवर लिहिलेलंही जपून ठेवा, आणि या अंकाच्या पत्त्यावर मला कळवा. फोटोतल्या बाईचं नाव ठाऊक नसलं तरी चालेल, गावाचं नाव पुरे.