समष्टि आणि समग्रलक्षी

जयपूरच्या गोपालपुरा बाह्यवळणावर शिकवणीवर्गांच्या फलकांची दाटी आहे. तेथे भाड्याच्या खोलीत आंतरजालावरून अर्थशास्त्राचे प्रारंभिक पाठ ऐकणाऱ्या मराठी विद्यार्थिनीच्या कानी ‘समष्टि’ पडते, वहीत ‘समग्रलक्षी’ उमटते. मराठी संज्ञा अधिक सावध म्हणावी: तिच्यात समग्राबरोबर पाहणारी दृष्टीही आली, आणि दृष्टीतून काही निसटतेच. खानावळीतली विकतची पोळी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाते. गावी आईने लाटलेली नाही. मालकाने स्वयंपाकिणीशी विवाह केला की राष्ट्रीय लाभांश घटतो, ही विसंगती पिगू यांनीच दाखविली होती. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी २९९ मिनिटे भरली, पुरुषांची ९७. परीक्षेत मात्र व्याख्या जशीच्या तशी लिहावी लागते. आईची पोळी वगळून.