साधी गोळी

विशेषणे जपून वापरावीत, असे मी गेली वीस वर्षे वर्गात मुलांना सांगत आलो आहे. घरी मात्र ‘साधी’ या एका विशेषणाने मला चांगलेच फसविले.

आमच्या सौ.ला आठ वर्षांपासून संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटते, तो. सकाळी तासभर तिची मूठ वळत नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायची मुख्य गोळी ती वार चुकू न देता घेते. पण दिवाळी आली, चकलीचा सोऱ्या हाती आला, की हळूच म्हणायची, “अहो, येताना ती साधी दुखण्याची गोळी आणा.” निगडी प्राधिकरणात आमच्या कोपऱ्यावरचा औषधवाला माझा जुना विद्यार्थी. ‘या सर’ म्हणत तो चिठ्ठी न मागता पट्टी हातावर ठेवी. पुढे पुढे त्या गोळीला दिवाळीचे निमित्तही लागेनासे झाले.

यंदा श्रावणात सौ.चे पाय सुजले. भक्ती-शक्ती शिल्पापर्यंतचे संध्याकाळचे फिरणे बंद पडले. “कोणकोणती औषधे घेता?” डॉक्टरीणबाईंनी विचारले. सौ.ने सगळी यादी घडाघडा म्हणून दाखविली. साधी गोळी तेवढी तीत नव्हती. तिच्या लेखी ते औषधच नव्हते! मीच ती सांगून टाकली, तेव्हा चहाडखोराकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले.

लघवीत प्रथिने निघाली. रक्तात क्रिॲटिनीन १.६. बाईंनी समजावून सांगितले : दुखणे वाढविणारी जी द्रव्ये ही गोळी अडविते, त्यांच्याच जातीची द्रव्ये मूत्रपिंडांकडचा रक्ताचा ओघ मोकळा ठेवतात. गोळीला आपपर कळत नाही. शिवाय संधिवाताचा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला, तर क्वचित अमायलॉइड नावाचे प्रथिन मूत्रपिंडांत साचते. आणि तिची ती आठवड्याची गोळी, मेथोट्रेक्सेट, शरीराबाहेर पडते मुख्यतः मूत्रपिंडांवाटेच; ती थकली, की औषध अंगात साठू लागते. सांधे निदान आरडाओरडा तरी करतात. ही बिचारी बहुधा दुखतसुद्धा नाहीत!

“गिधाडे कशाने गेली, ठाऊक आहे ना सर?” बाई म्हणाल्या. डायक्लोफेनॅक दिलेली गुरे मेल्यावर ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००४ साली शास्त्रज्ञांनी हे उघडकीस आणले, आणि २००६ मध्ये आपल्याकडे गुरांसाठी ते औषध बंद झाले. आमची साधी गोळी हीच! माणसाचे मूत्रपिंड इतके नाजूक नसते, असे बाईंनी लगेच जोडले. पण माझे तिकडे लक्ष नव्हते. आठ वर्षे त्या पट्ट्या आणून कोणी दिल्या होत्या?

गोळी थांबली, बाकीच्या औषधांची मात्रा बदलली. दसऱ्याच्या सुमारास आकडा १.३ वर उतरला. बाई तेवढ्याने खूष नाहीत. रक्त आणि लघवी पुन्हा पुन्हा तपासायचीच आहे.

यंदा सोऱ्या माझ्याकडे आहे. दहाव्या चकलीलाच मनगट भरून आले. सौ. खुर्चीवर बसून देखरेख करते आहे.

“अहो, काटे उठत नाहीत,” ती म्हणते. “जरा जोर लावा की!”